दोनशे वॅटचा दणकट डबा पंधरावर का चालतो

"ताई, पडलं की फुटतंय, भिजलं की मरतंय. आता मला काहीतरी दणकट घेऊ दे."

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मावसभावाचा हा फोन आला. त्या वर्षातलं त्याचं चौथं पॉड, म्हणजे सेल आतच बंद असलेली छोटी ई-सिगारेट, नुकतंच खंदकात पडून, वर सिमेंटचा राडा सांडून कामातून गेलं होतं. मावसभाऊ मूळचा कराडचा. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात ड्रेनेजच्या कामावर फोरमन आहे. खणणं, पाइप टाकणं, बुजवणं, वर काँक्रीट, आणि हे सगळं बहुतेक वेळा पावसात. कराडात असताना दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायचा. इकडे आल्यावर व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आला आणि गेली सहा वर्षं सिगारेटला हात लावलेला नाही. मी तिथून तासाभरावर राहते आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्या घेते. पाणी, धूळ, हादरे, उष्णता, हेच माझं रोजचं काम. मी स्वतः ना सिगारेट ओढते ना व्हेप, आणि जो ओढत नाही त्याने यातलं काहीच सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण सहा वर्षं सिगारेटपासून लांब राहिलेल्या माणसाचं यंत्र पुन्हापुन्हा मरतं आणि दर वेळी तो नाक्यावरच्या दुकानात सिगारेटच्या फळीसमोर उभा राहतो, हेही मला दिसत होतं.

त्याने पसंत केलेलं यंत्र म्हणजे दोन १८६५० सेलचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, सुटे घालायचे), २०० वॅटचा बॉक्स मॉड, म्हणजे वॅट कमीजास्त करता येणारं डब्यासारखं व्हेप. बाहेरून रबर आणि जस्ताच्या मिश्रधातूचं कवच, खोक्यावर आयपी ६८, आणि पडलं तरी काही होत नाही अशी जाहिरात. वर लिक्विड भरायचा २५ मिलिमीटर रुंदीचा सब-ओहम (एक ओहमच्या आतल्या कॉइलचा) टँक, त्यात लिक्विड तापवून वाफ करणारी जाळीची ०.२ ओहमची कॉइल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातली बरीच यंत्रं आतून एकमेकांची चुलत भावंडं आहेत आणि पुढे जे लिहिते आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, "हे अनुभवी लोकांसाठी आहे." त्यामुळे मी यंत्राच्या आधी अनुभव तपासला.

त्याच्या व्हॅनच्या कप्प्यात तीन सुटे सेल निघाले, किल्ल्या आणि सुट्या नाण्यांच्या सोबतीने. एक बरा होता. दुसऱ्याचं प्लास्टिकचं वेष्टण वरच्या कडेला फाटलं होतं, नखाएवढं, आणि तिथून चकचकीत धातू दिसत होता. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं की या सेलची जवळजवळ सगळी बाहेरची डबी ऋण असते. धन असते ती फक्त वरची टिकली. दोघींच्या मध्ये एक पातळ कडी आणि ते वेष्टण, बस. फाटकी जागा नेमकी टिकलीच्या बाजूला असेल तर एक किल्ली आडवी पडायचा अवकाश. तिसरा सेल ऑनलाइन स्वस्तात घेतलेला, त्यावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) छापलेलं. मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅम भरतो, हा ३१ भरला. आत काय होतं ते उघडून बघायच्या फंदात मी पडले नाही. २५०० ते ३००० एमएएच हा जास्त करंट देणाऱ्या १८६५०चा नेहमीचा आकडा आहे; ९९०० म्हणजे शुद्ध थाप.

"सहा वर्षं वापरतोयस ना रे?"

"अगं, पॉडात सेल आतच असतात. सुटे कशाला बघतोय मी?"

बरोबरच होतं त्याचं. त्याचा सहा वर्षांचा अनुभव झुरक्यांचा होता. दोन सुट्या सेलच्या यंत्राचा अनुभव शून्य. फाटका आणि खोटा, दोन्ही सेल पुनर्वापर केंद्रात टाकून आलो आणि विश्वासू विक्रेत्याकडून २५०० एमएएच, २० अँपिअरचे चार नवे घेतले. चौघांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, दोन लाल, दोन निळे. जोडी एकत्र वापरायची, एकत्र चार्ज करायची, एकत्र निवृत्त करायची. लालचा एक आणि निळ्याचा एक असा आंतरजातीय विवाह चालणार नाही, असं त्याला बजावलं. तो हसला, पण पट्ट्या आजवर पाळतो.

मग २०० वॅट. हा आकडा खोटा नाही, पण तो कोणासाठी आहे हे बघायला हवं. गणित साधं आहे. चिपवाल्या मॉडमध्ये सेलवर येणारा करंट कॉइलच्या ओहमवर थेट ठरत नाही. तो ठरतो मागितलेल्या वॅटवर आणि सेलच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजवर. दोन सेल एकामागे एक जोडलेले. ते उतरत आले की प्रत्येकी सुमारे ३.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ६.४. चिपची कार्यक्षमता ९० टक्के धरा. २०० भागिले ०.९ भागिले ६.४, उत्तर जवळपास ३५ अँपिअर. आमचे सेल २० अँपिअरचे. त्यांच्या मर्यादेत राहायचं तर हाच हिशोब उलटा करून ११५ वॅट मिळतात. २५ अँपिअरचे सेल घेतले तर १४४. बाकीचे वॅट कंपनीने तुमच्या सेलच्या तब्येतीवर उधार दिलेले आहेत.

एका शनिवारी टँकच्या जागी जाड, ०.२ ओहमचा भार लावून मी हे पडताळलं. सेल ताजे असताना २०० वॅट आले, दोन-तीन सेकंदांपुरते. सेल निम्मे उतरल्यावर तोच आकडा पडद्यावर लावला तर यंत्राने बॅटरी तपासा असा इशारा दिला आणि मीटरवर १५०च्या आसपासच दिसलं. इशारा दिला हे चांगलंच. शॉर्ट सर्किटला नकार, सेल उलटे घातले तर नकार, दहा सेकंदांच्या वर बटण दाबून धरलं तर आपोआप बंद, ही सगळी राखण चिपने नीट केली. मेकॅनिकल मॉडमध्ये ही चिपच नसते; २०१८ मध्ये फ्लोरिडात एका माणसाचा जीव गेला तो तसल्याच यंत्राच्या स्फोटात. तापमान-नियंत्रण, पडद्याचे रंग वगैरे प्रकार आहेत यात, मावसभावाने ते एकदाही उघडले नाहीत, मीही वेळ घालवला नाही.

आता दणकटपणा. आयपीच्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक, किती ते उत्पादक ठरवतो आणि त्याने ते सांगायचं असतं. पडण्याशी या आकड्यांचा काडीचा संबंध नाही. शिवाय ही चाचणी नव्याकोऱ्या यंत्रावर, स्वच्छ पाण्यात होते. साइटवरचं पाणी म्हणजे वाळू, चिकणमाती आणि सिमेंटचं अल्कलीयुक्त कालवण. माझ्या कामात आम्ही भाग आधी हादरवतो, तापवतो, जुना करतो, आणि मग पाण्यात घालतो. नव्याची परीक्षा पहिल्या दिवशीच्या सुनेच्या पोळ्यांसारखी असते, त्यावरून काही कळत नाही.

पाडण्याच्या चाचणीत खरे सेल घालायचे नव्हते. लिथियमचा सेल चेपला तर काय होतं ते मी कामावर पाहिलेलं आहे. म्हणून १८ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनिअमच्या सळईचे ६५ मिलिमीटरचे दोन तुकडे कापले. वजन केलं तर प्रत्येकी ४५ ग्रॅमला उणं अधिक ग्रॅमभर. इतकी सोयीची गोष्ट माझ्या वाट्याला क्वचित येते. टँकसकट सगळं मिळून ३१२ ग्रॅम भरलं. त्याचं जुनं पॉड ५८ ग्रॅमचं होतं. छातीच्या उंचीवरून परसातल्या फरशीवर बारा वेळा पाडलं. कवचाला काही झालं नाही, एका कोपऱ्याचा रंग उडाला तेवढंच. पडदा शाबूत, बटण शाबूत.

टँक मात्र दुसऱ्या पडण्यालाच फुटला. आणि इथे ब्रिटनचा कायदा आडवा येऊन बसला. इथल्या २०१६ च्या नियमांनुसार टँकमध्ये २ मिलिलिटरपेक्षा जास्त मावता कामा नये, निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, निकोटीन असलेली बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. २ मिलिलिटर ६५ वॅटला किती पुरतं? मावसभावाच्या झुरक्याने चाळीस. म्हणून लोक वेगळी मिळणारी फुगीर काच बसवतात, पाच मिलिलिटरची. त्यानेही बसवली होती. ती फुगलेली काच धातूच्या कड्याच्या बाहेर येते, आणि पडल्यावर जमिनीला पहिला नमस्कार तिचाच. सरळ २ मिलिलिटरची काच बसवून परत पाडलं तर ती उरलेले दहाही धक्के टिकली. पण अकराव्यानंतर टँक किंचित कलला आणि पडद्यावरचे ०.२० ओहम ०.२६ झाले, हलवलं की परत ०.२०. उंच टँक म्हणजे तरफ. मार वर बसतो आणि खालची सांध्याची पिन तो सोसते. कवच कितीही जाड करा, हा सांधा कवचाच्या बाहेरच राहतो.

पाण्यासाठी कचऱ्याचा उभा डबा धुऊन भरला. सेलच्या कप्प्यात टिशू पेपरची गुंडाळी, टँक काढलेला, पाऊण मीटर खाली अर्धा तास. गुंडाळी कोरडी ठणठणीत. टँक लावून बुडवलं तेव्हा मॉडचा डबा कोरडा, पण हवेच्या भोकांतून टँकमध्ये पाणी शिरलं आणि लिक्विडचं ताक झालं. कॉइल गेली, कापूस गेला. म्हणजे आयपी ६८ आहे ते अर्ध्याच यंत्राला. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

मग यंत्र त्याच्या हवाली केलं. ६५ वॅट, ३ मिलिग्रॅमचं लिक्विड (मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटीन), तीन आठवडे साइटवर. रोज रात्री मला व्हॉट्सॲपवर झुरक्यांचा आकडा पाठवायचा, यंत्र तो मोजतंच. दिवसाला २२० ते २४० झुरके, त्यातच सेलची एक जोडी संपायची. कागदावरही तेच येतं. दोन सेल मिळून १८ वॅट-तास; ६५ वॅट मिळायला सेलमधून ७२ निघतात; शेवटची २० टक्के ऊर्जा भाराखाली हाती लागत नाही. झुरका तीन सेकंदांचा धरला तर हिशोब २४०चाच होतो.

२४० झुरके म्हणजे १२ मिलिलिटर लिक्विड, म्हणजे दिवसातून सहा वेळा टँक भरणं. मातीच्या हातमोज्यांनी. पावसात, व्हॅनच्या दाराआड, बाटलीची चोच दातात धरून. तिसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, मी काम कमी आणि दूध जास्त काढतोय." एकदा भरण्याचं तोंड बंद करताना वाळू अडकली, लिक्विड पाझरून खालच्या पिनपाशी साचलं, आणि दुपारभर करपट झुरके. सेल बदलायलाही रोज दार उघडायचंच.

तीन आठवड्यांनी यंत्र परत माझ्या टेबलावर. तोच उभा डबा, तीच टिशूची गुंडाळी, तोच अर्धा तास. या वेळी गुंडाळीची एक कड ओली निघाली, तळहाताच्या रेषेएवढी. दाराचं रबरी सील दिव्याखाली भिंगातून पाहिलं. एका कोपऱ्यात वाळूचा एक कण रुतून बसला होता, शेजारी कापसाचा धागा. कण चिमट्याने काढला, सील पुसलं, पुन्हा बुडवलं, कोरडं. यंत्र जुनं झालं नव्हतं. ते फक्त रोज उघडलं जात होतं.

त्या कणापाशी माझा निष्कर्ष ठरला. खोक्यावर दणकटपणा आणि २०० वॅट शेजारीशेजारी छापलेले असतात, जणू एकाच पैलवानाचे दोन दंड. प्रत्यक्षात ते एकमेकांचे वैरी आहेत. सील बंद असेपर्यंतच सील असतं. वॅट वाढवले की सेल लवकर उतरतात, टँक लवकर रिकामा होतो, दोन्ही वेळा माणूस चिखलात उभा राहून यंत्र उघडतो. यूएसबीने चार्ज केलं तर दार बंद राहतं खरं, पण मग ते रबरी झाकण रोज उघडायचं आणि १० वॅटच्या चार्जिंगला दोन तासांच्या वर बसायचं. आणखी एक गोष्ट मला खटकते: सेल बिघडला तर त्याला गॅस सोडायला वाट हवी असते. साध्या मॉडच्या दाराला त्यासाठी फटी असतात. पाणबंद डब्यात फटी ठेवता येत नाहीत, मग दार किंवा सील दाबाने सुटेल अशी रचना करावी लागते. या यंत्रात ती आहे की नाही ते माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न मी हा ठेवला असता.

मी त्याला जो उपाय सांगितला तो ऐकून तो आधी चिडला. डबा तोच ठेव, वरचा टँक बदल. सिगारेटसारखा तोंडात ओढून मग छातीत घ्यायचा, बुटका, धातूच्या कवचाचा टँक, १ ओहमची कॉइल, १५ वॅट, लिक्विड १२ मिलिग्रॅमचं.

"ट्रॅक्टरला सायकलची चाकं लावायला सांगतीयास तू."

"तुझ्या शरीरात निकोटीन किती जातंय ते बघ," मी म्हटलं. १२ मिलिलिटर गुणिले ३ म्हणजे ३६ मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड दिवसाला. १५ वॅटला दिवसभरात ३ मिलिलिटर लागलं, १२ मिलिग्रॅमचं, तरी ३६च. सगळं लिक्विड रक्तात उतरत नाही हे खरं, पण दोन्हीकडे माप तेच. फरक इतकाच की पहिल्यात चौपट लिक्विड जाळायचं, आणि चौपट वाफ छातीत घ्यायची. पैशाचंही बघ म्हटलं: १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये दर १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स कर, निकोटीन असो वा नसो. रोजचे १२ मिलिलिटर धरले तर महिन्याला ८० पौंडांच्या आसपास नुसता कर. हा आकडा ऐकून तो थोडा गप्प झाला. कराडचा माणूस आहे शेवटी.

१५ वॅटवर सेलची एक जोडी चार दिवस जाते. टँक दिवसातून दोनदा भरायचा, सकाळी घरी आणि दुपारी व्हॅनमध्ये बसून. दार उघडतं ते चौथ्या रात्री, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सील पुसून. घसा आधी कुरकुरला. ठसका जास्त लागतो म्हणून त्याने आठवडाभर ९ मिलिग्रॅम वापरलं आणि मग १२ वर आला. बुटक्या टँकमुळे तरफ गेली, काचही गेली. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तो डबा दोनदा खंदकात पडला, एकदा काँक्रीट पंपाच्या पाण्यात तासभर राहिला. पाइपने धुतला, टँक उघडून सुकवला, नवी कॉइल घातली, चालू.

मग त्याच्यासारखं काम करणाऱ्याने २०० वॅटचं यंत्र घ्यावं का? डब्यासाठी घ्यावं, वॅटसाठी नाही. याच वर्गातला एका सेलचा, १०० वॅटचा लहान डबा मिळतो. मला आधी विचारलं असतं तर तोच घ्यायला लावला असता, शंभरेक ग्रॅम ओझं वाचलं असतं. आणि ज्याला घरी बसून ढग काढायचे आहेत त्याला पाणबंद कवचाची गरज काय, तेही मला समजलेलं नाही.

फेब्रुवारीत कराडला त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. जाण्याआधी तो डबा माझ्याकडे ठेवायला आला. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबईच्या विमानतळावर "स्वतःपुरतं आहे हो साहेब" म्हणायची वेळ आणू नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं. तो निकोटीनच्या गोळ्या चघळत गेला. मी सेल काढून प्लास्टिकच्या डबीत घातले आणि डबा खणात ठेवला, कोपऱ्यांवर वाळलेल्या सिमेंटसकट.

तीन आठवड्यांनी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. मांडवात किती जणांनी सिगारेट पुढे केली ते सांगत होता. एकही ओढली नाही म्हणाला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. मग खणातून डबा काढला, लाल पट्टीचे सेल घातले, परसात जाऊन जुना उंच टँक चढवला आणि ६५ वर नेला.

"अरे!"

"आज सुट्टी आहे, ताई," ढगाच्या आतून आवाज आला.